कानातली गिटार

लग्नाचा बँड ठरवायला आलेला माणूस पहिलं विचारतो, माणसं किती? गाणी कोणती येतात, सूर कसा आहे, हे सगळं नंतर. वीस माणसांचा बँड ठरला की वरातीत वीस लाल कोट दिसले पाहिजेत. त्यातले वाजवणारे किती, हे कोणी बघायला येत नाही. म्हणून आमच्या लोणंदच्या बँडमध्ये दोन-तीन माणसं अशी असायचीच की ज्यांना काही वाजवता यायचं नाही. कोट चढवायचा, टोपी घालायची, वाद्य ओठांना लावून गाल फुगवायचे आणि रांगेतून चालायचं. आम्ही त्यांना मुके म्हणायचो.

अब्बा त्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. मुक्यांचा त्यांना भयंकर राग. "फुकाय येत न्हाई तर हमाली कर, कोट कशाला घालतुयास?" असं तोंडावर सुनवायचे. कान असा तिखट की दोन गल्ल्या सोडून कुणाचा सूर घसरला तरी त्यांचा हातातला घास थांबायचा. घरात आम्ही गावचंच मराठी बोलायचो. हिंदी मात्र पाहुणे आले की कपाटातल्या कपबशांबरोबर बाहेर निघायची. पण चुकीच्या सुराला अब्बा दोन्ही भाषांत शिव्या द्यायचे.

मी गिटार घेतली तेव्हा त्यांनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"ह्याला श्वास कुटं लागतो?"

"लागत नाही, अब्बा. बोटांनी वाजवायची."

"मग त्ये वाद्य न्हवं. शिलाई मशीन हाय."

मला राग आला होता, आणि तो बरीच वर्षं टिकला. पुढे मी सांगलीला आलो, एका ऑर्केस्ट्रा पार्टीत शिरलो. हळदी, लग्नं, यात्रा, पुढाऱ्यांचे वाढदिवस, जिथे बोलावतील तिथे टेम्पोत बसून जायचं. तोपर्यंत डॉल्बीच्या भिंतींनी बँडवाल्यांना रस्त्याच्या कडेला ढकललं होतं. अब्बा माझ्या कार्यक्रमाला कधी आले नाहीत. आधी म्हणायचे, त्या दिवशी माझीच वाजवायची सुपारी आहे. सुपाऱ्या बंद झाल्यावर म्हणायचे, गुडघा दुखतो. मला त्यांच्याकडून शाबासकी नको होती. एकदा समोर बसून त्यांनी ऐकावं, चूक काढावी, हवं तर चारचौघांत शिवी हासडावी, एवढंच हवं होतं. माणूस चाळिशीला आला तरी असल्या गोष्टींतून सुटत नाही.

माझ्याकडे गिटारचा आवाज मोठा करणारा एक जुना अॅम्प होता. लाकडी खोकं, पुढे जाळी, उचलताना कंबर धरायची. स्टेजवर माझ्या मागे ठेवलेला असायचा आणि वाजवलं की पाठीला धक्का द्यायचा. पार्टीच्या मालकाला तो डोळ्यांसमोर नको होता. टेम्पोत जागा खातो, जनरेटरवर घुरघुरतो, गायिकेच्या माइकमध्ये शिरतो, त्याच्या तक्रारी संपायच्या नाहीत. मग नवा साउंड ऑपरेटर आला. त्याने सगळ्यांच्या कानात बुचासारखे इअरफोन घालायला लावले आणि मला म्हणाला, "खोकं घरी ठेवा. आता सगळं लॅपटॉपात."

मी आधी कुरकुरलो आणि मग त्या सॉफ्टवेअरच्या नादी लागलो, खोटं कशाला बोलू. गिटारची वायर एका छोट्या डबीत, डबीची वायर लॅपटॉपात, आणि पडद्यावर हवा तो अॅम्प. जगात कुणीतरी कुठेतरी वापरलेले महागडे अॅम्प रांगेत उभे. नुसतं बोट फिरवायचं. माइक खोक्याजवळ ठेवलाय की लांब, खोली छोटी की देवळाएवढी, हेसुद्धा पडद्यावर ठरवायचं. मी महिनाभर प्रत्येक गाण्याचा आवाज जुळवत बसलो. लग्नाच्या हंगामात मांडवात लॅपटॉप तव्यासारखा तापायचा, म्हणून त्याच्याखाली स्टीलचं ताट पालथं घालायचो. पण कानात जे यायचं ते इतकं सुंदर असायचं की आयुष्यात पहिल्यांदा मला माझं वाजवणं आवडायला लागलं. लॅपटॉपातून आवाज थेट ऑपरेटरच्या मिक्सरला जायचा, तिथून लोकांना. स्टेजवर मात्र चिडीचूप. मागचं खोकं घरी गेलं आणि बायकोने त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या.

त्याच उन्हाळ्यात अब्बांची छाती बिघडली. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसं कामातून गेली आहेत. उभा जन्म दुसऱ्यांच्या लग्नात फुंकण्यात गेलेल्या माणसाला अंगणातून मोरीपर्यंत जायला दोनदा थांबावं लागायचं. लोणंदला त्यांना बघायला गेलो तेव्हा मी सहज म्हणालो, फलटणला लग्न आहे, दुपारचं, जेवणाच्या वेळी आमची गाणी आहेत.

"येतो की," अब्बा म्हणाले.

मला वाटलं, चेष्टा करताहेत. पण लग्नाच्या दिवशी शेजाऱ्याने त्यांना आपल्या व्हॅनमधून आणलं. धुतलेला पांढरा सदरा, टोपी, हातात औषधाचा पंप. शेजाऱ्याने त्यांना पुढच्या रांगेत, स्पीकरच्या भिंतीच्या बाजूला, कूलरच्या वाऱ्यात बसवलं. इतकी वर्षं वाट बघितलेला माणूस समोर होता आणि त्याच्याकडे दिवस थोडे होते, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

एका जुन्या गाण्याच्या मध्ये माझा लांब सोलो होता. तो मी त्यांच्यासाठी राखून ठेवला होता. चार ओळी झाल्या आणि खाडकन पहिली तार तुटली. हात उडाला. कानात नुसती शांतता, मागे तालवाद्यं. मी गडबडलो, दोन ओळी गेल्या, मग दुसऱ्या तारेवर कसाबसा शेवट गाठला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, गायिकेने मान वळवूनही बघितलं नाही. मी मनात म्हटलं, गाढवांनो, कशाला टाळ्या वाजवताय? तार तुटायला हाच दिवस मिळाला होता, याचं मला रडू येत होतं.

जेवणं उरकली. मी नवी तार चढवत होतो तेवढ्यात अब्बा स्टेजच्या पायऱ्यांशी आले. तीन पायऱ्यांना त्यांना किती वेळ लागला ते मी बघू शकलो नाही, गिटारकडेच बघत राहिलो.

"तार तुटली, अब्बा. दोन ओळी गेल्या. सगळ्यांसमोर माती झाली."

"मला काय कळलं न्हाई," ते म्हणाले.

दोन गल्ल्यांपलीकडचा सूर पकडणारा माणूस! मला वाटलं, कानही गेले आता.

मग त्यांनी माझ्या गळ्यात लोंबणाऱ्या इअरफोनकडे बोट केलं. "तुज्या कानात काय येतंय त्ये मला ऐकव."

मी दोन्ही बुचं त्यांच्या कानात बसवली. त्यांना यंत्राचं कुतूहल असेल असं समजून अॅम्प म्हणजे काय, लॅपटॉप काय करतो, ते सांगायला लागलो. त्यांनी हाताने गप्प केलं.

"त्ये मदलं वाजव. सगळं वाजव."

मी वाजवलं. ऑपरेटरने मोठे स्पीकर बंद केले होते, मांडवात आचारी पातेली उचलत होते, मुलं खुर्च्या ओढत होती. स्टेजवर तारांची कोरडी खरखर सोडली तर काही ऐकू येत नव्हतं. अब्बा डोळे मिटून, दोन्ही तळवे कानांवर दाबून उभे होते. संपल्यावर त्यांनी बुचं काढून माझ्या हातात दिली.

"गोड हाय," ते म्हणाले. मग दम खाऊन पुढे म्हणाले, "पर लय पळतुयास रं. बोटास्नी दम लागत न्हाई म्हनून पळायचं व्हय? तिसऱ्या ओळीनंतर थांब. श्वास घे. ऐकनाऱ्यालाबी घेऊ दे."

मी हसलो. तेवढी एक चूक मिळाली होती, आणि मला ती कपाळाला लावावीशी वाटली.

त्यांना सोडायला मीही व्हॅनमध्ये बसलो. लोणंदच्या वाटेवर त्यांना धाप लागली, म्हणून एका रसवंतीपाशी थांबलो. तो शेजारी व्हॅनच्या टायरमध्ये हवा भरायला पलीकडे गेला. चरकाचे घुंगरू वाजत होते. अब्बांनी रसाचा ग्लास नुसता हातात धरला होता.

"माजं वरचं दात पडलं तवापासनं मी मुका चाललो," ते म्हणाले.

मला आधी नीट कळलंच नाही. क्लॅरिनेट फुंकताना तिचं टोक वरच्या दातांना टेकवावं लागतं, हे मला माहीत होतं. त्यांचे दात गेले ते बँड सुटायच्या चारेक वर्षं आधी.

"कवळी बसवली हुती, पर सूर लागंना. मालक म्हनला, जाऊ नगंस, तू असलास म्हंजी रांग शोबती. मग चाललो. गाल फुगवून. तुज्या आईलाबी ठावं न्हवतं."

"अब्बा, कशाला आठवताय आता ते?"

"सांगतो. पयल्या दिशी लय वाईट वाटलं. मेल्यागत झालं. मग बोटं तशीच चालवत ऱ्हायलो, बिनचूक. आपलं आपल्याला तर ऐकू येतंय नव्हं? वाईट वाटून घेऊ नगं."

मला वाटलं, म्हातारा जाण्याआधी मन मोकळं करतोय. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला. म्हणालो, तुम्ही आयुष्यभर खरं वाजवलं, शेवटची चार वर्षं कोण धरतंय? बरंच शहाण्यासारखं बोललो. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट पाहिलं, मान हलवली आणि रस मला पाजला.

पावसाळा सरता सरता अब्बा गेले. लोणंदच्या कब्रस्तानात चिखलातून खांदा दिला. बँडमधले उरलेसुरले दोघे आले होते, दोघेही आता रिक्षा चालवतात.

चाळिसाव्या दिवशी फातिहा पढून झाल्यावर तो शेजारी माझ्याजवळ बसला आणि मोबाइल काढला. "अब्बांचा व्हिडीओ हाय बगा माज्याकडं, फलटनचा. शेवटचा त्योच."

मी अब्बांना बघायला फोन हातात घेतला. कूलरच्या वाऱ्याने त्यांचा सदरा फडफडत होता. शेजाऱ्याने मोबाइल स्टेजकडे फिरवला. माझा सोलो चालू होता. तार तुटली, माझा हात उडाला, मी तुटकी तार चाचपडताना स्पष्ट दिसत होतो. आणि गिटार वाजत होती. एकही सूर न गळता, गुळगुळीत, दोन्ही ओळी पूर्ण. मोबाइल पुन्हा अब्बांकडे वळला. त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग बाजूच्या स्पीकरच्या भिंतीकडे, पुन्हा हाताकडे, आणि मग आपल्या चपलांकडे.

मी तो व्हिडीओ पुन्हा लावला. शेजाऱ्याला वाटलं, बापाच्या आठवणीने रडतोय. तेही होतंच.

पुढच्या कार्यक्रमाला टेम्पोत ऑपरेटरला गाठलं. त्याने काही लपवलं नाही, त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं.

"हंगाम सुरू झाल्यापासनं गिटार ट्रॅकवरच हाय की, आधीच रेकॉर्ड केलेली. मालकानंच सांगितलंय. तुमचं चॅनल फकस्त तुमच्या कानात."

"मला सांगायचं नाही?"

"सांगून काय केलं असतंसा? सोडून गेला असतासा. मग स्टेज मोकळं दिसतं. लोकास्नी गिटारवाला दिसाय लागतो, आवं."

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण तो मालकाची चाकरी करत होता आणि बँडच्या मालकानेही अब्बांना हेच सांगितलं होतं. रांग शोभली पाहिजे. मागे खोकं असतं तर पुढच्या चार खुर्च्यांपर्यंत तरी माझं वाजवणं पोचलं असतं, आणि नसतं पोचलं तर मला पहिल्याच दिवशी कळलं असतं. एवढं नेमकं सॉफ्टवेअर, त्यात खोलीची भिंत किती लांब हेसुद्धा ठरवता येतं, आणि समोर कुणी ऐकतंय की नाही ते मात्र कळत नाही.

रसवंतीवर मी अब्बांची समजूत घालत होतो असं मला वाटलं होतं. ते मला समजावत होते. आपली झाकलेली लाज त्यांनी माझ्यासाठी उघडी केली आणि मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत बसलो. आणि त्याआधी, ज्यांना उठायला दम लागत होता ते तीन पायऱ्या चढून वर आले, कारण बाहेर माझं काहीच ऐकू येत नाही हे त्यांना कळलं होतं. त्या अख्ख्या हंगामात माझी गिटार माझ्याशिवाय एकाच माणसाने ऐकली.

मी पार्टी सोडलेली नाही. सांगलीत घरभाडं आहे, मुलीची शाळा आहे, आणि दुसऱ्या पार्ट्यांमध्येही ट्रॅकच आहेत. मी पहिल्यासारखा लॅपटॉपखाली ताट घालतो, आवाज जुळवतो, बोटं बिनचूक चालवतो. तो सोलो आला की तिसऱ्या ओळीनंतर थांबतो आणि श्वास घेतो. कानात तेवढी जागा रिकामी होते. बाहेर, मांडवात, ट्रॅकमधला गिटारवाला थांबत नाही. तो पळतच असतो.