मूर्तीची पाठ पाहणाऱ्या सुजाताबाई

सुजाताबाई मेश्राम कोणतीही मूर्ती प्रथम पाठीमागून पाहत. निवृत्तीनंतर मी यवतमाळच्या एका लहानशा संग्रहालयात मूर्तींच्या नामपट्ट्या लिहिण्यास जाऊ लागलो. पहिल्याच दिवशी पाहिले, तर या बाई विष्णुमूर्ती आणि भिंत यांच्यामधल्या अरुंद जागेत शिरून टाकीचे घाव बोटांनी चाचपत होत्या. आयुष्यभर संस्कृत शिकवलेल्या, नित्यपूजेत रमणाऱ्या मला ते रुचले नाही. माझा चेहरा पाहून त्या शांतपणे म्हणाल्या, "समोरून देव दिसते, गुरुजी. मांगून मानूस दिसते."

त्या बौद्ध घरातल्या. मूर्तीपुढे हात जोडत नसत. परंतु कोणतीही मूर्ती भुईवर टेकवण्याआधी स्वतःची ओढणी अंथरत. इतकी निगा मी माझ्या देवघरातही राखली असेन, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही.

संग्रहालयात मुलांना कला शिकवणे हे त्यांचे काम. ज्यांच्या आईबापांना आमचा उंबरा ओलांडण्याचा संकोच वाटे, त्या मुलांकडे त्या स्वतः जात. दर शनिवारी मातीच्या प्रतिकृतींची पत्र्याची पेटी घेऊन एस.टी.ने बाभुळगाव, आणि तेथून वीटभट्टीवरच्या झोपड्यांपर्यंत पायी. मुले आधी डोळे मिटून मूर्ती चाचपत, मग कोळशाने चित्र काढत. एखादा रडकुंडीला आला की त्या म्हणत, "हातानं पाह्य न बे. डोये कायले फोडून राह्यला?"

या मुलांच्या वाट्याला नेहमी नक्कलच यावी, हे त्यांना सलत असे. अखेर विश्वस्तांची मनधरणी करून त्यांनी स्वतःच्या सहीवर एक अस्सल मूर्ती आठ दिवसांसाठी वस्तीवर नेली. वीतभर उंचीची देवी. नाक झिजलेले, एक हात तुटलेला. सकाळच्या आणि सायंकाळच्या उजेडात मुलांनी तिची चित्रे काढावीत, ही त्यांची इच्छा. त्या दिवशी मीही सोबत होतो. कोमल नावाच्या दहाएक वर्षांच्या मुलीने मला विचारले, "आबाजी, हिले पुजत काहून नाही?" मी शिक्षकाच्या सवयीने सविस्तर उत्तर दिले. भग्न मूर्ती पुजत नाहीत, घरात ठेवत नाहीत. तिला आदराने पाण्यात विसर्जित करतात. सुजाताबाई तेव्हा पलीकडे कागद वाटत होत्या.

पुढच्या शनिवारी आम्ही गेलो, तेव्हा मूर्ती नव्हती. मुलांनी तिला न्हाऊ घातले होते, हळदकुंकू वाहिले होते आणि डबे वाजवीत साऱ्या वस्तीने तिला बेंबळा नदीच्या डोहात सोडले होते. कोमल अभिमानाने म्हणाली, "आबाजीनं सांगतलं तसंच केलं, बाई."

सुजाताबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिले. मग मुलांना जवळ बसवून त्यांनी आठवेल तशी देवी काढायला सांगितली. बहुतेक कागदांवर देवीची पाठही उमटली होती, टाकीच्या घावांसकट.

मासेमारी करणाऱ्या भोयांनी दोन दिवस डोह धुंडाळला. काही लागले नाही. वस्तीवर चौकशीला माणसे गेली, तेव्हा मुले विटांच्या थप्प्यांआड लपली. विश्वस्तांच्या बैठकीत अध्यक्षांनी विचारले की, हे त्या पोरांना सुचवले कोणी? मलाही बोलावले होते; मी अध्यक्षांच्या शेजारच्याच खुर्चीवर होतो. सुजाताबाई म्हणाल्या, "माह्या सहीनं नेलती. चूक माही हाय." सहस्रनाम अडखळल्यावाचून म्हणणारी माझी जीभ त्या वेळी हलली नाही. वस्तीवरचा उपक्रम बंद झाला आणि बाईंना कामावरून कमी केले गेले.

त्या पुसदला भावाकडे निघाल्या, तेव्हा मी बसस्थानकावर गेलो. आजच जाऊन अध्यक्षांना सारे सांगतो, असे म्हणालो. त्या म्हणाल्या, "मले आता त्याचं काय, गुरुजी? पोरायले जाऊन सांगा. त्यायले वाटते, आपल्या हातून चोरी झाली." किंचित हसून म्हणाल्या, "तुमचं ऐकतीन. तुमचंच तं ऐकलं व्हतं."

मी मात्र आधी अध्यक्षांकडे गेलो. त्यांनी चहा मागवला आणि या वयात मनाला लावून घेऊ नका, अशी माझीच समजूत घातली. माझी नामपट्ट्यांची खुर्ची तशीच राहिली. अध्यक्षांची भेट मिळेपर्यंतच चार दिवस गेले होते. पाचव्या दिवशी वीटभट्टीवर पोहोचलो, तो हंगाम संपलेला. झोपड्यांचे बांबूही उपटून नेले होते. काही बिऱ्हाडे नेरकडे गेली, काही जिल्ह्याबाहेर, एवढेच राखणदाराला ठाऊक होते. त्याने कोमलचे आडनाव विचारले. ते मी कधी विचारलेच नव्हते.

आता भट्ट्या पेटण्याच्या दिवसांत मी मिळेल त्या एस.टी.ने गावोगाव फिरतो. सुजाताबाईंचा अधूनमधून फोन येतो. प्रकृतीची विचारपूस होते आणि मग त्या विचारतात, "भेटले काय पोरं?"

मी नाही म्हणतो. त्या रागवत नाहीत, आणि फोनही ठेवत नाहीत.