सरांचा डबा

क्लबची सेक्रेटरी व्हायची मला काही हौस नव्हती. विमा कंपनीतून निवृत्त झाले होते, संध्याकाळी बॅडमिंटन खेळायला जात होते. वार्षिक सभेत कोणीच पुढे येईना, तेव्हा अध्यक्ष म्हणाले, "आता मॅडमच होऊ देत की." टाळ्या वाजल्या आणि मी सेक्रेटरी झाले. त्यानंतर थोड्याच महिन्यांत करोना आला.

आमचा क्लब म्हणजे शाहूपुरीपासून चालत जाण्याच्या अंतरावरची एक जुनी दगडी इमारत. बॅडमिंटनचा हॉल, बिलियर्ड्सचं एक टेबल, पत्त्यांची खोली आणि कॅन्टीन. सभासद म्हणजे वकील, डॉक्टर, व्यापारी, प्राध्यापक. कॅन्टीन मामा बघायचे. लहानथोर सगळ्यांचे ते मामाच. शिरोळकडचे. तरुणपणी कपबशा विसळायला म्हणून आले आणि पुढे सगळं स्वयंपाकघर त्यांच्या हाताखाली आलं. इमारतीच्या मागच्या अंगाला दोन खोल्या होत्या, तिथं ते आणि मामी राहायचे. मूलबाळ नव्हतं. म्हातारपणाची सोय म्हणून गावाकडं घर बांधलं होतं, ते आदल्या वर्षीच्या महापुरात खचलं. पाणी ओसरल्यावर मामा जाऊन बघून आले आणि मला म्हणाले, "भिंती उभ्या हाईत मॅडम, पर आत ऱ्हायला जीव धजत न्हाई."

बंदचा आदेश आला त्या दिवशी आम्ही फ्रिज रिकामा केला. दूध, भाज्या, पनीर, जे नासणार होतं ते कामगारांनी पिशव्यांतून वाटून घेतलं. सगळ्यांना वाटत होतं, दोन-तीन आठवड्यांचा प्रश्न आहे. माळी मुरगूडकडचा, तो कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून निघून गेला. वेटर आपापल्या घरी गेले. बिलियर्ड्सचं टेबल सांभाळणारा मार्कर टेबलावर कापड पसरून, चारी कोपरे नीट ओढून, मगच बाहेर पडला. मी पत्त्यांच्या खोलीला कुलूप लावत होते, तेव्हा मामा मागे येऊन उभे राहिले.

"मॅडम, सरांचं काय?"

सर म्हणजे रसायनशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी पुण्याला. ती बोलवायची, पण त्यांचं पाऊल कोल्हापुरातून निघत नव्हतं. रोज संध्याकाळी ते क्लबात यायचे, रमीचे दोन डाव खेळायचे आणि खिडकीजवळच्या टेबलाशी बसून जेवायचे. दुपारी घरी दूध-पोहे, केळं असलं काहीबाही. धड जेवण दिवसातून एकदाच आणि तेही क्लबातलं. ही गोष्ट माझ्या डोक्यातसुद्धा आली नव्हती.

"डबा देता येईल का?" मी विचारलं.

"देतो की. आमी दोघं हितंच हाय. दोघांचं शिजतंय तितं तिघांचं शिजंल."

गावाकडं जायची वाटही तशी उरली नव्हती. लोकांनी गावाच्या रस्त्यावर बाभळीच्या फांद्या टाकून शहरातून येणाऱ्यांना बंदी केली होती. मी धडपड करून मामांसाठी पास मिळवला आणि रोज संध्याकाळी ते सायकलच्या हँडलला डबा अडकवून सरांकडे जाऊ लागले.

एकदा भाजी घेऊन परतताना मी त्या रस्त्यावरून येत होते. बघते तर सर व्हरांड्यात खुर्ची टाकून जेवत होते आणि मामा फाटकाबाहेर, रस्त्याच्या पलीकडं, सायकलला टेकून उभे. तोंडाला रुमाल बांधलेला. मध्ये सगळा रस्ता आणि बाग. क्लबात टेबलाजवळ ज्या अदबीनं उभे राहायचे, तसेच उभे होते.

"मामा, इथं कशाला थांबलाय? डबा देऊन जायचं की."

"मी हाय तवर जेवत्यात, मॅडम," ते हळूच म्हणाले. "मी वळलो की झाकून ठेवत्यात. काल सकाळी डबा परत घेतला, तर अर्धा तसाच."

तेवढ्यात सरांनी पलीकडून ओरडून विचारलं, "मामा, आमटीत आज काय घातलंय?"

"शेवगा हाय सर. क्लबातल्याच झाडाचा."

सरांनी शेंग उचलून दाखवली. मी तशीच पुढे निघाले.

दोन-तीन आठवड्यांचे महिने झाले. सभासदांनी वर्गणी भरणं थांबवलं, समितीनं पगार अर्धे केले. मी भांडले, पण तिजोरीत काही नव्हतं हेही खरं होतं. मार्कर शाहूपुरीत हातगाडीवर कांदे-बटाटे विकताना दिसला. मला बघून त्यानं आधी मान वळवली, मग स्वतःच हाक मारली आणि दर न सांगता पिशवी भरून दिली. पैसे देऊ लागले तर घेईना. शेवटी नोट कांद्यांवर ठेवून मी चालू लागले. माळी शेतात रमला, परत आलाच नाही. हॉलमध्ये पारव्यांनी घरटी केली. मामा रोज सकाळी दारं-खिडक्या उघडायचे, झाडलोट करायचे आणि दुपारी पुन्हा बंद करायचे. कोणी सांगितलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, कुणी येत नाही, रोज कशाला?" तर म्हणाले, "घर मिटून ठिवलं की वास धरतंय."

थंडीच्या दिवसांत क्लब उघडला. आधी बॅडमिंटनवाले आले, मग हळूहळू बाकीचे. पत्त्यांच्या टेबलावरचे दोघं मधल्या काळात गेले होते. त्यांच्या खुर्च्या कुणी हलवल्या नाहीत, पण कुणी बसेनाही. सर आले तेव्हा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते, जणू लग्नाला निघालेत. मामांनी नवा टेबलक्लॉथ काढला. दोघं एकमेकांकडे बघून नुसते हसले. मग सर म्हणाले, "मामा, तुम्ही वाळलाय." आणि मामा म्हणाले, "तुमी बी काय बाळसं न्हाई धरलासा."

तो काळ चांगला गेला. फार टिकला नाही.

उन्हाळ्यात दुसरी लाट आली आणि तिनं कोल्हापूरला चांगलंच धरलं. क्लब पुन्हा बंद. पुन्हा डबा, पुन्हा सायकल. एके दिवशी सकाळी मामींचा फोन आला. मामी मला कधी फोन करत नसत.

"मॅडम, ह्यास्नी रात्रभर धाप लागलीय. उठवंना झालंय."

क्लब असण्याचा त्या दिवशी एक उपयोग झाला. मी सभासद डॉक्टरांना एकामागून एक फोन लावले आणि दुपारपर्यंत एका दवाखान्यात ऑक्सिजनची खाट मिळाली. रुग्णवाहिका क्लबच्या पुढच्या दाराशी लागली. मामा मामींच्या खांद्यावर हात टाकून बाहेर आले. बसायच्या आधी त्यांनी मागे वळून बघितलं आणि म्हणाले, "मॅडम, मागचा नळ गळतोय, प्लंबर बोलवा." मी बोलावते म्हटलं.

आत कुणाला सोडत नव्हते. मामींची टेस्ट निगेटिव्ह आली होती. त्या रोज डबा करून दवाखान्याच्या दारात द्यायच्या, तो आत पोचायचा की नाही कुणास ठाऊक. सरांचा डबा मी पोचवायला लागले. सर फाटकाशीच विचारायचे, "आज आवाज कसा होता?" कारण मामांचा फोन दिवसातून एकदा यायचा, मिनिटभराचा. त्यातही अर्धा खोकला. एकदा मला म्हणाले, "मॅडम, हितलं जेवन बरं हाय की. फक्त मीठ लई." ते हसायचा प्रयत्न करत होते.

पुढच्या आठवड्यात ते गेले. दवाखान्यातून फोन मला आला, कारण नातेवाईक म्हणून माझाच नंबर दिला होता. मामींना सांगायला मी मागच्या खोल्यांकडं गेले. त्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. माझा चेहरा बघितला आणि त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"गेलं न्हवं?"

मी मान हलवली. त्या मोठ्यानं रडल्या नाहीत. पदर तोंडात धरून डुलत राहिल्या. मी शेजारी बसले. जवळ घ्यावं की नाही, हेही त्या दिवसांत कळत नव्हतं. शेवटी घेतलं. देह ताब्यात मिळणार नव्हता. पालिकेची गाडी परस्पर पंचगंगेकाठच्या स्मशानात गेली. मामींनी लांबून बघितलं आणि परत आल्या.

संध्याकाळ झाली तशी त्या उठल्या आणि स्टोव्ह पेटवला.

"मामी, आज राहू दे. मी माझ्या घरून देते सरांना."

"म्हातारं मानूस हाय, वाट बगत असंल," त्या म्हणाल्या आणि पिठात पाणी घातलं.

मी डबा घेऊन गेले. सर फाटकाशी उभे होते. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी विचारलं, "किती वाजता?" मी सांगितलं, सकाळी. डबा पुढं केला तर त्यांनी घेतला नाही. आत गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतील. पण ते पायात चपला घालून, तोंडाला मास्क बांधून बाहेर आले आणि म्हणाले, "चला."

"सर, तुम्ही बाहेर पडायचं नाही. तुमचं वय…"

"माझं वय मला ठाऊक आहे," ते म्हणाले.

चालत आम्ही क्लबात आलो, मागच्या बाजूनं. इतक्या वर्षांत सर त्या बाजूला पहिल्यांदाच येत होते. त्यांना वाटेतली पायरी ठाऊक नव्हती, ठेच लागली. मामी उठून उभ्या राहिल्या. सरांनी हात जोडले. मामींनीच खुर्ची पुढं केली.

"बसा सर. जेवलासा न्हाई न्हवं अजून?"

"मामी, तुम्ही जेवलात का?"

"मला काय जातंय आता."

"मग मलाही नको."

मामींनी माझ्या हातातला डबा घेऊन उघडला, दोन ताटं घेतली आणि दोन्हींत वाढलं. दोघं समोरासमोर बसून जेवले. एक घास, मग थांबणं, मग दुसरा. मी नळाजवळ जाऊन पाठ करून उभी राहिले.

शोकसभा ऑनलाइन झाली. अध्यक्ष चांगलं बोलले. दोन मिनिटं स्तब्धता पाळताना कुणाच्या तरी घरी कुकरची शिट्टी झाली आणि एकजण टीव्हीवरच्या बातम्यांचा आवाज बंद करायला विसरला होता. त्या स्तब्धतेत मी सगळ्यांचे छोटे छोटे चेहरे बघत होते. यांतल्या प्रत्येकाला मामांनी कधी ना कधी वाढलं होतं.

क्लब सावरायला हवा होता, म्हणून समितीनं कॅन्टीन ठेकेदाराला दिलं. ठेकेदाराला माणसं ठेवायला मागच्या खोल्या हव्या होत्या. मामींना त्यानं भाज्या चिरायचं काम देऊ केलं. मी समितीत वाद घातला. सरही त्या सभेला आले आणि आयुष्यात पहिल्यांदा क्लबाच्या सभेत बोलले, पण त्यांचा मुद्दा मधेच सुटला. कुणीतरी आदरानं त्यांना खाली बसवलं. खोल्या ठेकेदाराला द्यायचा ठराव मंजूर झाला. पुढच्या महिन्यात मी सेक्रेटरीपद सोडलं. मामी भावाकडं शिरोळला गेल्या. सरांना अखेर मुलगी पुण्याला घेऊन गेली. जाताना ते म्हणाले, "आता इथं तरी कुणाची वाट बघायची?"

काही वर्षांनी सर वारल्याचा फोन त्यांच्या मुलीनं केला तेव्हा मी ठरवलं, हे मामींना फोनवर सांगायचं नाही. एसटीनं शिरोळला गेले. दोन्ही बाजूला उसाचे मळे आणि ट्रॅक्टरच्या मागे लागलेली आमची गाडी. मामींनी भावाच्या घराशेजारी दोन खोल्या उभ्या केल्या होत्या आणि दारात एक म्हैस होती. भिंतीवर मामांचा फोटो होता. क्लबाच्या कुठल्या तरी समारंभाच्या ग्रुप फोटोतून कापून मोठा केलेला, पांढऱ्या डगल्यातला. कडेला कुणाचा तरी कोटाचा खांदा राहून गेला होता. कुणाचा, ते मला ओळखता आलं नाही.

मी सांगितलं. मामी खाली बसल्या.

"हाल झालं का लई?"

"नाही. झोपेतच गेले."

"बरं झालं मग," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मला क्लबात कवा करमलंच न्हाई मॅडम. ह्यांच्यापायी ऱ्हायले. ह्यास्नी तितलं लई वेड."

इतकी वर्षं मी मनात धरून बसले होते की आम्ही त्यांचं घर काढून घेतलं. त्यांना ते कधी घर वाटलंच नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

दूध घालायची वेळ झाली. त्या किटली घेऊन डेअरीकडं निघाल्या, मीही बरोबर गेले. रांगेत बायका उभ्या होत्या.

"कोन पावणं?" एकीनं विचारलं.

"आमच्या क्लबातल्या मॅडम."

"क्लब म्हंजी काय असतंय गं?"

मामींनी जरा विचार केला. "काय न्हाई. मानसं सांजचं येत्यात, बसत्यात, खात्यात, घरला जात्यात."

"एवढंच व्हय?"

"एवढंच," मामी म्हणाल्या, आणि रांग पुढे सरकली तशी त्यांनी किटली उचलली.