झेपरावामुळे पाणी गेलं

लहान मुलांचं मासिक काढणाऱ्याला किस्से जमवावे लागत नाहीत. ते रद्दीसारखे आपोआप साठतात आणि टाकवतही नाहीत. सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत आम्ही तिघं: संपादक वैशालीताई, गोष्टी लिहिणारा मी आणि चित्रं काढणारे सबनीस सर, शाळेतून रिटायर झालेले ड्रॉइंग टीचर. आमचा सुपरहिरो झेपराव. दर अंकात चार पानं उडतो आणि पुणं वाचवतो.

गेल्या वर्षी मुलांची पत्रं आटली. वैशालीताई म्हणाल्या, "तो फारच लाडका झालाय. लोकांना त्याच्यावर उलटवा. तीन अंक बघू, नाहीतर झेपराव बंद."

सर पेन्सिलीला टोक करत बसले. रिटायर झाल्यावरही ते रोज इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडायचे, ते याच चार पानांपायी. मला फार वाईट वाटलं.

*

लोक उलटायला कारण हवं. मी एक खलनायक आणला. तो झेपरावचा वेष घालून दरोडे टाकतो.

सर म्हणाले, "एवढं कशाला? पुण्यात आहोत आपण. झेपरावला एखादं चांगलं काम करू द्या."

मग ठरलं. उल्का आदळून खडकवासला धरणाच्या भिंतीला भगदाड पडतं. झेपराव दिवसभर तिथे पाठ लावून उभा राहतो. शहर वाचतं, फक्त दुरुस्तीपायी दुसऱ्या दिवशी नळाला पाणी येत नाही.

पुढच्याच पानावर मोर्चा!

*

सरांची एक पद्धत आहे. गर्दीतले चेहरे मनाने काढायचे नाहीत, खाली जाऊन रस्त्यावरच्या माणसांचे काढायचे. पेठेला ते आवडायचंही. पण आजवर चित्रातली गर्दी टाळ्या वाजवत असे.

अंक निघाला आणि खालचे घड्याळवाले इनामदारचाचा जिना चढून आले. मोर्च्यात ते सगळ्यांत पुढे होते, चप्पल उगारून.

"सर, वीस वर्षं तुमचं घड्याळ मी बघतोय. मी झेपरावला चप्पल मारीन?"

सर गडबडले. चाचांनी चष्मा लावून चित्र पुन्हा पाहिलं.

"आणि तीही अंगठा तुटलेली?"

*

समोरच्या लेलेकाकूंचा फोन आला. "मोर्च्यात मी दिसत नाही."

मी म्हटलं, "काकू, ते लोक झेपरावच्या विरोधात आहेत."

"कळतंय मला. माझ्याकडे तरी कुठे पाणी होतं? घ्या मला!"

दुसऱ्या अंकात घेतलं. हातात रिकामी बादली दिली.

*

कात्रजहून तिसरीतल्या एका मुलीचं पत्र आलं. "झेपरावला आमच्या सोसायटीत पाठवा. आमच्याकडे टँकरच येतो. कुणी रागावणार नाही."

सरांनी ते टेबलाच्या काचेखाली ठेवलं. पण तेवढं एकच पत्र. वैशालीताईंनी तिसऱ्या अंकाचं शेवटचं पान सांगून टाकलं: झेपराव शहर सोडून निघालाय, सगळे पाठ फिरवून उभे आहेत, खाली 'समाप्त'.

*

सर पॅड घेऊन खाली उतरले. मी खिडकीत उभा होतो.

"अहो, शेवटचं चित्र आहे. जरा पाठ फिरवून उभे राहता का?" सर प्रत्येकाला विनवत होते.

कुणी वळेना. इनामदारचाचा तर चिडलेच. "निघालेल्या माणसाला आपण दारापर्यंत सोडायला जातो. पाठ काय फिरवायची?"

सरांनी समोर दिसलं ते काढलं. तासाभराने पान वर आलं. सगळी पेठ झेपरावकडे तोंड करून उभी, निरोपाला हात वर केलेले. चाचा अनवाणी.

वैशालीताईंनी पान हातात घेतलं. मग 'समाप्त'वर पांढरी शाई लावली, ती वाळू दिली आणि वर लिहिलं, 'क्रमशः'. सरांनी चष्मा काढून उगीचच पुसला.

"पण सर," वैशालीताई म्हणाल्या, "लेलेकाकूंच्या हातात अजून बादली कशाला?"

"मीही तेच विचारलं. त्या म्हणाल्या, माफ केलंय. विसरले नाही."