एकट्याची जाखडी

मला एकट्याने नाचता येत नाही, हे मला नोकरी सोडल्यावर कळलं.

तोपर्यंत माझी पक्की समजूत होती की आपण नाचणारे आहोत. गुहागरकडच्या आमच्या वाडीत गणपतीत जाखडी असायची. मधे बुवा आणि ढोलकीवाला बसलेले, भोवती आम्ही पुरुष पायात चाळ बांधून गोल फिरतोय, आणि मी त्या रिंगणात मिसरूड फुटायच्या आधीपासून. घाम गाळला होता, गुडघे फोडून घेतले होते. आता एवढ्यावर माणसाने स्वतःला नाचणारा म्हणू नये तर काय म्हणावं?

पण पोटापाण्याला मी सौदीत, जेद्दात कारकून होतो. एका बांधकाम कंपनीत नकाशे आले की शिक्का मारायचा, गेले की शिक्का मारायचा. त्या वर्षांत सरकारने कंपन्यांना रंग वाटले होते. पुरेसे सौदी लोक कामावर असले तर हिरवा, नसले तर पिवळा, अगदीच नसले तर लाल. आमची कंपनी हापूससारखी हिरव्याची पिवळी झाली होती आणि लाली धरायच्या बेतात होती. मग माझ्या खुर्चीत एक सौदी तरुण बसवायचं ठरलं आणि त्याला काम शिकवायचं माझ्याकडे आलं. गोड मुलगा. पहिल्याच दिवशी त्याने माझ्यापेक्षा सरळ शिक्का मारला.

मॅनेजर म्हणाला, "तुला काढत नाही आम्ही. खमीस मुशैतच्या गोदामात पाठवतो. डोंगरावर आहे, हवा थंड असते."

मला थंड हवा नको होती. मला गलबतं करायची होती.

आमचं घराणं गलबतं बांधणाऱ्या सुतारांचं. खरी गलबतं बांधायचे दिवस वडिलांबरोबर संपले, पण हातभर लांबीची मी अजून करत होतो. लाकूड ऑफिसात येणाऱ्या खोक्यांचं. शिडं चाचांच्या चिंध्यांची. चाचा म्हणजे माझे खोलीतले सोबती, दाभोळचे, बलदच्या, म्हणजे जुन्या जेद्दाच्या, बाजारात शिंपीकाम करणारे. खोलीत पाय ठेवायला जागा उरली नव्हती. चाचांच्या उशाशी, भांड्यांच्या फळीवर, न्हाणीघराच्या खिडकीत, जिकडे बघावं तिकडे गलबत नांगर टाकून उभं. "मेल्या, एक दिवस मी आंघोळीला गेलो की थेट मस्कतलाच उतरेन," असं चाचा म्हणायचे.

मला एक स्वतंत्र खोली हवी होती. खोली, करवत, रंधा आणि दारावर पाटी. बस्स. जग काय ते मी पुढे बघून घेणार होतो.

एक गलबत शोभेला विकावं म्हणून बलदमधल्या एका हॉटेलात गेलो. मालक सौदी, माझ्याच वयाचा. त्याची हिंदी सगळी आमच्या सिनेमांतून उचललेली होती, म्हणून तो चहासुद्धा शत्रूला आव्हान दिल्यासारखा मागवायचा. इथे त्याचं बोलणं मी मराठीतच सांगतो. त्याने गलबत उलटंसुलटं करून पाहिलं, बाजूला ठेवलं, आणि विचारलं, "तू हिंदी ना? नाचतोस?"

हॉटेलांत गाणी वाजायला नुकती मोकळीक मिळाली होती. त्याला दर गुरुवारी पुरुषांच्या पार्टीत 'हिंदी नाच' ठेवायचा होता.

मी म्हणालो, "नाचतो? अरे, जन्मापासून नाचतोय!"

"मग ये. एक गुरुवार बघतो. आवडलास तर इकामा माझ्या नावावर घेतो. आणि मागे एक खोली रिकामी आहे, त्यात तुझ्या होड्या घाल."

इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना, आणि तो कफिलाच्या, म्हणजे मालकाच्या, नावाला बांधलेला. कफील सुटला आणि दुसरा मिळाला नाही, तर खुरूज. परतीचा शिक्का, खलास, घरी जा. शहाणा माणूस आधी गुरुवार पाहून मग राजीनामा देतो. मी दुसऱ्या दिवशी सकाळी राजीनामा दिला. त्या सौदी तरुणाने त्यावरही सुरेख शिक्का मारला.

बायकोला फोनवर सांगितलं. ती गावाकडे वाल सोलत होती, तो आवाज थांबला.

"अहो, तुम्ही नाचणार? आणि तुमच्या पुढे कोण असणार?"

"पुढे प्रेक्षक असणार," मी म्हणालो. हिला काय कळतंय, असं वाटून फोन ठेवला.

पोशाख मालकाने पाठवला. हिरव्या सॅटिनची विजार, आरशांची बिनबटणांची बंडी, डोक्याला तुरा. बंडीच्या आत काही घालायचं नव्हतं. ऑफिसच्या खुर्चीत बसून मी जे पोट कमावलं होतं, ते त्या आरशांच्या मधोमध असं येऊन उभं राहिलं की चाचांनी टेप गळ्यातून काढली आणि परत गळ्यात घातली.

"चाचा, कमरेला जरा सैल करा."

"ह्याला नाडी नाय पुरायची रे. तंबूचा दोर आणतो."

पायात बांधायला चाळ मिळेना. शेवटी चाचांनी बाजारातून बकऱ्यांच्या गळ्यातल्या घंटा आणल्या आणि चामड्याच्या पट्टीवर शिवून दिल्या. मी खोलीत दोन उड्या मारल्या. खालच्या मजल्यावरचा पठाण वर येऊन विचारून गेला, ईद अजून लांब आहे, बकरे इतक्यात कुठून आणले?

गुरुवार आला. दालनात भिंतीकडेने लोड-तक्के, पांढऱ्याशुभ्र थोबांतली, म्हणजे पायघोळ झग्यांतली, माणसं, भाताचे हे एवढाले थाळे. मधे गालिचा मोकळा. मालकाने हिंदी गाणं लावलं आणि मी उडी मारून मधे आलो. टाळ्या पडल्या. पहिली दोन पावलं झकास पडली. तिसरं पाऊल टाकायचं तर कुठे?

जाखडीत तोंड आत, वाजवणाऱ्यांकडे असतं. पाय पुढच्या गड्याचे बघून टाकायचे. तो वळला की वळायचं, तो बसला की बसायचं. माझ्या पुढे आमच्या वाडीचा पोस्टमन असायचा. इतकी वर्षं मी नाचत नव्हतो, मी त्या पोस्टमनच्या मागे फिरत होतो. बायकोचा प्रश्न त्या क्षणी माझ्या टाळूवर नारळासारखा येऊन पडला.

पोस्टमन नाही तर नाही, निदान मधे काहीतरी हवं म्हणून मी कोपऱ्यातलं एक स्टूल ओढलं, मालकाकडे दिलेलं माझंच गलबत त्यावर ठेवलं, आणि त्याच्याकडे तोंड करून गोल फिरायला लागलो. झालं, लोकांच्या वाट्याला माझी पाठ. या बाजूने फिरलो तरी पाठ, त्या बाजूने फिरलो तरी पाठ. गाण्याचा वेग वाढला तसा माझा वाढला. घंटा खणखणत होत्या, पोट आरशांना थडकत होतं, आणि तंबूच्या दोराने ऐन वेळी दगा दिला. एक हात विजारीला, दुसरा हवेत, असा मी गलबताभोवती फिरतोय, दालन माझ्याभोवती फिरतंय, आणि कोणीतरी बकरीसारखा आवाज काढला. मग सगळ्यांनीच काढला. थांबायला गेलो तर पाय थांबले, डोकं थांबलं नाही. सगळ्यांत जाड पाहुण्याच्या मांडीवर मी मोठ्या अदबीने बसलो आणि शुद्ध मराठीत म्हणालो, "माफ करा हं."

तो पाहुणा हसता हसता आडवा झाला. दोघांना डोळे पुसायला रुमाल द्यावे लागले. मी स्वयंपाकघरात पळालो.

मालक मागून आला, डोळे लाल. "पुढच्या गुरुवारी परत ये," एवढंच म्हणाला.

मला वाटलं, बिचाऱ्याने दया केली. ही शेवटची संधी. आता इकामा आणि खोली वाचवायची तर लोकांकडे तोंड करून नाचता यायलाच हवं. आठवडाभर मी राबलो. चाचा शिलाई सोडून समोर स्टुलावर बसायचे आणि मी वळलो की गजाची पट्टी गुडघ्यावर. "तोंड! तोंड कुठाय? मी काय तुझी पाठ बघायला दाभोळवरनं आलोय?" विजारीला बटणं लावली. घंटा काढून चांगली चाळ शोधली. पोट आत घेऊन श्वास कसा घ्यायचा, तेसुद्धा जमलं.

पुढच्या गुरुवारी मी जो नाचलो, तो आमच्या पोस्टमनने पाहायला हवा होता. एकदाही पाठ नाही. हात सुटे, मान ताठ, विजार जागच्या जागी. गाणं संपलं तेव्हा मी हात जोडून छातीभर श्वास घेतला.

लोक जेवत होते. कोणीतरी लिंबू मागितलं. तो जाड पाहुणा माझ्याकडे अशा आशेने बघत होता, की जणू मी अजून सुरुवातच केलेली नाही.

मालकाने मला दंडाला धरून बाहेर आणलं. त्याच्या हातात इकाम्याच्या बदलीचे कागद होते, सहीविना. दुसऱ्या हातात मागच्या खोलीची किल्ली. दोन्हीकडे बघून माझ्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं तुला?" तो म्हणाला. "आजारी आहेस?"

"आजारी? आठवडाभर सराव केला!"

"कोणी सांगितला होता?" त्याने कागद माझ्या छातीवर, आरशांवर आपटले. "घंटा परत बांध. ती बटणं तोड. होडी मधे ठेव आणि होडीकडे बघून फिर. अरे, तुझं तोंड बघायला कोण आलंय इथे?"