बांबूच्या फटीतलं दुसरं भूत

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण पुढचं सांगताना माझं डोकं अजूनही तापतं.

आम्ही भुताचा सिनेमा काढला. आम्ही म्हणजे मी, लेखक-दिग्दर्शक, आणि माझा मावसभाऊ पक्या, लग्नांचं शूटिंग करणारा. सेट परवडणार नव्हता, म्हणून देवळ्याला मामांच्या कांद्याच्या चाळीत शूटिंग केलं. हवा खेळावी म्हणून चाळीच्या भिंतींना बांबूच्या फटी असतात. आत कांदा, त्यातला बराचसा सडलेला. भूत म्हणून माझी मेव्हणी, पांढऱ्या साडीत.

नाशिकला एका शनिवारचा खेळ मिळाला. "लोकांनी चांगलं म्हटलं तरच पुढचा शनिवार," थिएटरवाल्याने बजावलं.

आणि इंदिरानगरच्या सुमनताईंनी परीक्षण लिहिलं. बाई निवृत्त शिक्षिका, पण मोबाइलवर त्यांचं वाचल्याशिवाय आमच्याकडे कोणी तिकीट काढत नाही. त्यांनी लिहिलं, "गोष्ट मध्यंतराआधीच कळते. साडीतल्या भुताला बघून हसू येतं. पण फटीतून डोकावणारं दुसरं भूत! लाल डोळे, आवाज न करता हलणारा जबडा. मी पाय खुर्चीवर घेतले. या कलाकाराचं नाव का दिलं नाही?"

दुसरं भूत? सिनेमा मी लिहिला, भूत एकच आहे. म्हणजे बाईंनी न बघताच लिहिलं! मी तिथल्या तिथे खाली जाहीर उत्तर ठोकलं, "दुसरं भूत दाखवा, भर थिएटरात तुमच्या पाया पडतो." आणि पक्याला म्हटलं, "लॅपटॉप घे. बाईंच्या घरी जायचं."

"जाऊ द्या ना भाऊ. त्या भुताबद्दल लय चांगलं लिहिलंय त्यांनी."

"जे भूतच नाही त्याबद्दल?"

त्यावर तो इंदिरानगर येईपर्यंत चोरून माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

सुमनताईंनी शांतपणे चहा दिला आणि लॅपटॉप टीव्हीला जोडायला लावला. नायिका चाळीत कांदे निवडतेय. तिच्यामागे फटीत एक तोंड. डोळे लालभडक, पाणी गळतंय, जबडा वरखाली होतोय.

तो मी होतो.

सडक्या कांद्याच्या वासाने मला आत उभं राहवेना, म्हणून सगळं दिग्दर्शन मी बाहेरून, फटीतून ओरडून केलं होतं. आवाज नंतर भरले, त्यामुळे शिव्या गेल्या आणि तोंड राहिलं. लॅपटॉपच्या एवढ्याशा पडद्यावर मला ते दिसलं नाही, आणि थिएटरात मी पडद्याकडे पाठ करून लोकांची तोंडं बघत होतो.

"तुला दिसलं नव्हतं?" मी पक्यावर गरजलो.

"दिसलं व्हतं. पण तुम्हाला सांगणार कोण? नायिका बी तुम्हालाच भ्यायची, म्हणून तर तिचं काम बरं झालं."

सुमनताईंनी हळूच पाय खुर्चीवर घेतले. "हेच ते," त्या म्हणाल्या. "पाया शनिवारी पडा. लांबूनच."

पुढचा शनिवार मिळाला. थिएटरवाल्याची अट एकच, पोस्टरवर ते दुसरं भूत हवं. पक्याने माझे डोळे लाल रंगवले, तोंड वेडंवाकडं करायला लावलं, फोटोमागून फोटो काढले आणि दर वेळी म्हणाला, "नाय जमत."

शेवटी माझं टाळकं सरकलं. "अरे, किती वेळ उभं करशील?"

"झालं," कॅमेरा खाली ठेवत पक्या म्हणाला. "जा, तोंड धुऊन घ्या. मेकअपची गरज नव्हती."