मांडी घालता येईल अशी सीट

आप्पांच्या गाडीला नव्या सीटा बसवायच्या हे ठरलं, तेव्हा दादा मला फोनवर म्हणाला, "बाप मरायला टेकलाय आन् तू गाडी नटवून राहिलीस." फोन लातूरहून नांदेडला, त्यामुळे त्याला ओरडून बोलावं लागलं, आणि ओरडल्यामुळे ते होतं त्याहून वाईट वाटलं. मीही ओरडूनच सांगितलं, की गाडी बापाची आहे, हौस बापाची आहे, तू तुझी डाळ बघ.

दादा लातूरला आमची डाळमिल सांभाळायचा. मी नांदेडला मुलींच्या शाळेत शिकवत होते. आप्पा, म्हणजे आमचे वडील, माझ्या दोन खोल्यांपैकी एकीत फळीवर उताणे पडून होते. त्यांच्या मणक्याला गाठ झाली होती. लातूरचा नवा जिल्हा झाला होता, कलेक्टर आला होता, चौकाचौकातल्या पाट्या रंगवून झाल्या होत्या. पण असल्या दुखण्याचे डॉक्टर अजून नांदेडलाच होते. शिवाय पावसाने सलग दुसऱ्या वर्षी दगा दिलेला. आप्पा म्हणायचे, "कलेक्टरला बसाया खुर्ची आली, गावाला प्यायला पाणी न्हाई. असा आपला जिल्हा." त्यांना हसायचं असायचं, पण हसलं की पाठीत कळ यायची, म्हणून नुसते डोळे हसायचे.

आप्पांची गाडी लातुरात सगळ्यांना ठाऊक होती. इंग्रजी बनावटीची, दोनच माणसांची, उघड्या टपाची, लांब नाकाची. हैदराबादचं एक जागीरदार घराणं निजामशाही गेल्यावर बाडबिस्तारा आवरून परदेशी निघालं, तेव्हा तरण्याताठ्या आप्पांनी ती उचलून आणली. तुरीचा व्यापारी माणूस, कपाळाला विभूती, कमरेला धोतर, आणि गाडी अशी शर्यतीची! बाजारात तिला 'बिनछपराची' म्हणत. आईने तिच्यात एकदाच पाय ठेवला आणि डोक्यावरचा पदर रेणापूर नाक्यापर्यंत उडत गेला म्हणून पुन्हा कधी ठेवला नाही. मग त्या दुसऱ्या सीटवर मी बसायला लागले. गाडी चालवायलाही मी तिच्यातच शिकले, आणि तेव्हा आख्ख्या गल्लीने आप्पांना नावं ठेवली.

पण आजारी माणसाला ती गाडी कामाची नव्हती. सीटा जुन्या, कातड्याच्या, पाळण्यासारख्या खोल, आणि पाठीचा टेका जेमतेम निम्म्या पाठीपर्यंत. म्हणून पहिल्या वेळी दादाने आप्पांना जीपमध्ये मागे गादी टाकून, आडवं निजवून नांदेडला आणलं होतं. जीपमधून उतरवलं तेव्हा आप्पा कुणाशी बोलेनात. रात्री मला म्हणाले, "माय, मला पुन्यांदा आडवा घेऊन जाऊ नका. जिता बी न्हाई आन् मेलेला बी न्हाई."

ते का म्हणाले ते मला पक्कं ठाऊक होतं. आमच्यात मेलेल्या माणसाला जाळत नाहीत आणि निजवूनही पुरत नाहीत. अंग ऊन आहे तोवर त्याची मांडी घालतात, पाठ भिंतीला टेकवतात, गळ्यातलं लिंग डाव्या तळहातावर ठेवतात, आणि पूजेला बसावा तसा बसलेलाच मातीत ठेवतात. आमचे थोरले काका हैदराबादच्या दवाखान्यात गेले. त्यांना दुसऱ्या दिवशी ट्रकमधून आडवं आणलं, तोवर अंग लाकूड झालं होतं. मग त्यांना बसवायचं म्हणून गुडघे मोडावे लागले. आम्हा बायकांना आतल्या खोलीत बसवलं होतं, तरी आवाज आला. एक पाय धरायला आप्पा होते. त्यानंतर किती तरी महिने ते जेवताना मधेच ताटावरून उठायचे.

डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की आता घरी न्या, होईल तितकं सुखात ठेवा. मी आप्पांपासून लपवलं नाही. लपवून ते फसले नसतेच. ते म्हणाले, "लातूरला मी बसून जाणार. माझी गाडी आण. सीटा तेवढ्या नव्या टाकू." मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. मरतानासुद्धा या माणसाला सगळं आपल्याच मनासारखं पाहिजे होतं. पण दादाने शिव्या देत का होईना, ड्रायव्हरबरोबर गाडी पाठवून दिली.

सीटा बसवणारा उस्ताद मूळचा कंधारचा. नांदेडला जीप आणि ट्रकच्या सीटा शिवायचा. त्या काळात नव्या छोट्या मोटारी नुकत्याच रस्त्यावर दिसू लागल्या होत्या. तसली एक देगलूर रोडला उलटली होती आणि तिच्या पुढच्या दोन सीटा धड राहिल्या होत्या, त्याच घेतल्या. उंच पाठ, डोक्याला उशी, आणि बाजूचा दांडा ओढला की पाठ मागे कलणार. मला वाटलं, दोन तासांचं काम आहे. पुढे आठवडा गेला. सीटा गाडीपेक्षा रुंद निघाल्या. त्या सरकवायच्या लोखंडी पट्ट्या जुन्या भोकांवर बसेनात. आत ठेवलं तर दार लागेना, दार लावलं तर दांड्याला हात पोचेना. उशी एवढी वर आली, की टप ओढून घेता येईना. "टप निकालके रखो बाई," उस्ताद म्हणाला, "बारिश कहाँ है?" ते खरंच होतं. आभाळ इतकं कोरडं होतं, की टपाची आठवण काढणं म्हणजे थट्टाच झाली असती.

आप्पांनी मला दोन गोष्टी उस्तादला सांगायला लावल्या. एक, सीटवर मांडी घालता आली पाहिजे. नव्या सीटच्या दोन्ही कडांना फुगीर पाखं होती, ती कापायला लावली. जन्मभर दुकानाच्या गादीवर मांडी घालून बसलेला माणूस, त्याला पाय सोडून बसणं म्हणजे पाहुण्याच्या घरी बसल्यासारखं वाटतं, असं मी उस्तादला समजावलं. तो हसला आणि पाखं कापून रेग्झिन सपाट ओढून दिलं. दुसरी गोष्ट, वेल्डिंग करायचं नाही. गाडीच्या तळाला खालून बोल्ट मारायचे, पाना लावला की सीट आख्खीच्या आख्खी बाहेर आली पाहिजे. उस्तादला वाटलं, सेठला पुढे जुन्या सीटा परत टाकायच्या असतील. मलाही तसंच वाटलं. त्यावरून मी आप्पांना थोडी बोललेसुद्धा, की आता एवढं केलंय तर जुन्यांचा मोह सोडा.

छातीजवळ बाजेच्या नवारीचा रुंद पट्टा लावून घेतला होता, खड्ड्यांत तोल जाऊ नये म्हणून.

निघायच्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघांनी आप्पांना उचलून सीटवर ठेवलं. डॉक्टरांनी बजावल्याप्रमाणे मी पाठ मागे कलवली, पाय सरळ सोडले, डोक्याला उपरणं बांधलं. आप्पांनी हाताने डॅशबोर्ड चाचपला आणि "चल," म्हणाले. लोह्यापर्यंत ठीक चाललं. रस्त्याच्या दोन्ही अंगाला रानं उघडी पडली होती. भुईला अशा भेगा, की वासराचा पाय अडकावा. लोह्याच्या पुढे आप्पांचा चेहरा पांढरा पडत गेला. एका ठिकाणी दुष्काळी काम चालू होतं. बाया ओळीने बसून खडी फोडत होत्या. आप्पा म्हणाले, "थांब. पानी दे. आन् मला सरळ बसव."

मी चिडले. "आप्पा, डॉक्टरांनी बसायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"डॉक्टरला कुठं बसायचं हाय?"

"मणका हाय तुमचा, काही लाकूड न्हाई."

"लाकूड व्हायच्या आधीच सांगून राहिलोय, माय."

मी खाली उतरले, त्यांच्या बाजूचं दार उघडलं, दांडा धरला. पण अंगाचा भार सीटच्या पाठीवर होता, मला एकटीला ती उचलेना. खडी फोडणाऱ्या दोन बाया न बोलावता आल्या. एकीने खांदे धरले, दुसरीने कंबर, मी दांडा ओढला आणि पाठ उभी राहिली. आप्पांनी ओठ इतके दाबले, की रक्त आलं. मग ते म्हणाले, "मांडी." त्यातल्या वयस्क बाईने एक पाय धरला, मी दुसरा. काकांचा पाय धरलेले आप्पा माझ्या डोळ्यांसमोर आले. पण आप्पांचे गुडघे मऊ होते, ऊन होते, ते सहज वळले. कापलेल्या पाखांच्या जागेत मांडी नेमकी बसली. मी नवारीचा पट्टा आवळला. त्या बाईने आपल्या मडक्यातलं पाणी आप्पांना पाजलं. त्या दिवसांत पाणी देणं ही लहान गोष्ट नव्हती. ती मला म्हणाली, "लई उशीर करू नको, लेकी."

गाडी सुरू केल्यावर आप्पांनी गळ्यातला करंडा उघडला, लिंग काढून डाव्या तळहातावर घेतलं, उजवा हात त्याच्याखाली धरला. रोजच्या पूजेला बसायचे तसे. मी समोर बघून चालवत राहिले. अहमदपूर गेलं. "आप्पा, पाणी?" असं मी एकदा विचारलं, उत्तर आलं नाही. मी वळून पाहिलं नाही. पुढे फरशीच्या पुलावर गाडी जोरात आदळली, त्यांचं डोकं उशीवरून जरा हललं आणि परत उशीवरच आलं. कळ आल्यावर ते 'शिवा' म्हणायचे. तसं म्हणाले नाहीत, तेव्हा मला कळलं.

मी थांबले नाही. थांबून कुणाला काय सांगणार होते? त्या उन्हात, त्या उघड्या गाडीत, मेलेल्या बापाशेजारी बसून मी तोंडाने काहीबाही बोलत होते: शाळेचं, पोरींचं, दादाचं. रडतही होते आणि गिअरही बदलत होते. मला भीती वाटली नाही. फक्त एवढंच वाटत होतं, की हे असंच राहू दे, घरापर्यंत असंच राहू दे.

लातुरात शिरलो तेव्हा बाजार भरात होता. बिनछपराची बऱ्याच दिवसांनी दिसली म्हणून माणसं वळून बघायला लागली. आप्पा ताठ बसलेले, डोकं वर, कपाळाला विभूती, हातात लिंग. आडत्यांनी दुकानातून हात जोडले. एक म्हातारे व्यापारी रस्त्यात आडवे आले आणि म्हणाले, "शरणार्थ आप्पा! बरे झालात की हो!" मी मान हलवली आणि गाडी पुढे काढली. दुसरं काही मला सुचलं नाही.

दारात दादा उभा होता. आधी त्याचा चेहरा उजळला, कारण त्यानेही बापाला बसलेलं पाहिलं. तो धावत आला, दार उघडलं आणि म्हणाला, "आप्पा, थकलात. जरा मागं टेका," आणि दांड्याला हात घातला.

"दादा," मी म्हणाले, "दांड्याला हात लावू नको."

त्याने आप्पांच्या तळहाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याने हात बाजूला घेतला आणि हळूच आप्पांच्या गुडघ्यावर ठेवला. गुडघा आता दगड झाला होता, पण वळलेला होता. दादा बराच वेळ तो गुडघा धरून उभा राहिला.

तोवर गल्ली जमली होती. आई दारात आली आणि तिथेच बसली. चौघे पुढे झाले, पण आप्पांना उचलणार कसं, हे कुणाला समजेना. नवारीचा पट्टा सोडला तर ते कलतील अशी भीती, आणि धरावं कुठे, दाबावं कुठे, हा प्रश्न. मग मला आप्पांची ती दुसरी गोष्ट आठवली. मी दादाला म्हणाले, "वेल्डिंग न्हाई केलेलं. बोल्ट हायेत, खालून."

ज्या सीटांवरून दादा माझ्याशी भांडला होता, त्यांचे बोल्ट काढायला तो मिलमधून पाना घेऊन आला. पांढऱ्या सदऱ्यानिशी तो धुळीत उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. वर आप्पा मांडी घालून शांत बसले होते. खालून पान्याचा आवाज येत होता, आणि मधे मधे दादाचा हुंदका. शेवटचा बोल्ट सुटल्यावर चौघांनी आप्पांना सीटसकट उचललं आणि बसलेलेच घरात नेलं.