केनवडला सपाट जागी उभी केलेली जीप

मुलांनो, काल धाकटीने नव्या लायसन्सचा फोटो पाठवला आणि मला माझी जीप आठवली, म्हणून आजच लिहिते. लायसन्स मिळालं तेव्हा मी अठराची होते. बाबांच्या जुन्या जीपची बॅटरी कमजोर होती, म्हणून ती नेहमी उतारावर उभी करायची, म्हणजे घरंगळत सुरू व्हायची. बाबांची अट एकच होती: "बाहेरच्या कोनाले धक्का माराले बोलावलं, त उद्यापासून किल्ली बंद." एका दुपारी आम्ही तिघी मैत्रिणी काही काम नसताना रिसोडहून निघालो आणि धूळ खात, मोठ्याने गात केनवडला पोचलो. तिथे ओला हरभरा घ्यायला थांबलो आणि बोलण्याच्या नादात मी जीप सपाट जागी बंद केली. परत निघताना ती घरघरलीसुद्धा नाही. चहाच्या टपरीवरचे एक आजोबा हसले, "काहून वं पोरीहो, बैल जुपू का?" माझी धीट मैत्रीण म्हणाली, "राहू द्या आबा, बैलायले आराम करू द्या!" दोघी पदर खोचून मागून ढकलू लागल्या. मी दुसरा गिअर टाकून क्लच दाबून बसले आणि जीपने वेग धरताच तो सोडला. जीपने एकदा आचका दिला, मग गरजली. "वा वं पोट्ट्याहो!" आबा टपरीवरून ओरडले. घरी मी सगळं सांगितलं. रोज संध्याकाळी बाबा किल्लीसाठी हात पुढे करायचे. त्या दिवशी त्यांनी हात पुढे केला नाही. "ठेव तुह्याजवळच," एवढंच म्हणाले. जीप केव्हाच भंगारात गेली. किल्ली अजून माझ्याकडे आहे.